वावरात पवनचक्की लावण्याआधी

भाऊ, कागदावर '१ किलोवॅट' छापलंय म्हणून हुरळून जाऊ नको. तो आकडा बहुधा सेकंदाला ११-१२ मीटर वाऱ्याचा असतो. आपल्याकडे एवढा वारा सुटतो तो वादळात, अन् तेव्हा चक्की बांधून ठेवायची घाई असते!

खरी गोम अशी, की वेग निम्मा झाला की वाऱ्याची ताकद आठव्या हिश्श्यावर येते. २ मीटर व्यासाची चक्की ६ मीटरच्या वाऱ्याला शंभरेक वॅट देईल, ३ मीटरला जेमतेम १२-१५. त्यावर मोबाईल चार्ज होईल, विहिरीवरची मोटर नाही.

चाळकेवाडीच्या चक्क्या पाहून आलास ना? ते सह्याद्रीचं उघडं पठार आहे. आपलं वावर सपाट, त्यात धुऱ्यावर कडुनिंब. ३०० फुटांतल्या सगळ्यात उंच झाडापेक्षा पाती ३० फूट वर हवीत. म्हणजे टॉवरचाच खर्च बघ. स्लॅबवर तर लावूच नको, घर थरथरतं.

तरी हौस असेलच, तर आधी वर्षभर वारा मोज. नुसता आषाढातला धरू नको. ओलितासाठी मात्र सरळ सोलर पंपाचा अर्ज भर.