न्यू जर्सीचा घटस्फोट बडोद्यात चालतो का, आणि परीक्षेत काय लिहावं

तुमचे प्रश्न दोन आहेत. एक, एलएल.बी.च्या पेपरात सार्वजनिक आणि खासगी आंतरराष्ट्रीय कायद्याचा विकास व व्याप्ती कशी मांडायची. दुसरा, बडोद्यात माहेरी राहणाऱ्या मामेबहिणीच्या नवऱ्याने न्यू जर्सीत एकतर्फी घटस्फोट घेतलाय, तो इथे चालतो का. पहिलं नीट समजलं की दुसऱ्याचं उत्तर त्यातूनच निघतं, म्हणून एकत्रच लिहितो.

गाइडांमध्ये दोन्हींमधल्या फरकांचा तक्ता असतो: पक्षकार कोण, न्यायालय कोणतं, वगैरे. तो पाठ केलात तरी हाती फार लागत नाही. खरा फरक कायदा येतो कुठून, हा आहे. सार्वजनिक आंतरराष्ट्रीय कायदा राष्ट्रांना एकमेकांशी बांधतो. त्याचे उगम आंतरराष्ट्रीय न्यायालयाच्या संविधीतल्या कलम 38(1) मध्ये दिलेत: करार, रूढी आणि सुसंस्कृत राष्ट्रांनी मान्य केलेली सामान्य तत्त्वं. न्यायनिर्णय आणि विद्वानांची मतं तिथे दुय्यम साधनं म्हणून येतात. खासगी आंतरराष्ट्रीय कायदा मात्र प्रत्येक देशाचा स्वतःचा असतो. भारताचा भारताच्याच पुस्तकात आहे, तोही विखुरलेला: दिवाणी प्रक्रिया संहितेची कलमं 13, 14, 44अ आणि 86, मुदत अधिनियम, लवाद अधिनियम 1996 चा दुसरा भाग, आणि उरलेला बहुतेक निकालांत. एकच असा कायदा नाही. म्हणून एकाच जोडप्याचं लग्न न्यू जर्सीत मोडलेलं आणि बडोद्यात कायम, असं होऊ शकतं, आणि दोन्हीकडचे न्यायाधीश आपापल्या कायद्याने बरोबर असतात.

सार्वजनिक कायद्याचा विकास परीक्षेत एका पानात आटोपा. डच विचारवंत ग्रोशियसचा ग्रंथ 1625, युरोपातल्या राष्ट्रांमधला वेस्टफेलियाचा तह 1648, एकोणिसाव्या शतकात युरोपीय राष्ट्रांच्या वर्तुळापुरता मर्यादित कायदा, 1927 चा लोटस खटला (मनाई करणारा नियम दाखवता येत नसेल तर राष्ट्राला मोकळीक आहे, असा त्याचा रोख), 1945 ची संयुक्त राष्ट्रांची सनद. त्यानंतर करारांचा काळ: राजनैतिक संबंध 1961, वाणिज्य दूतावास 1963, करारांचा कायदा 1969, समुद्राचा कायदा 1982. 1969 च्या व्हिएन्ना कराराचा भारत पक्षकार नाही, हे बरेच विद्यार्थी विसरतात. त्यातले बरेच नियम आपल्याला रूढी म्हणून लागू होतात, असं लिहा.

इथे थांबून आपल्या गावाकडे पाहण्यासारखं आहे. संस्थानांचे ब्रिटिशांशी तह होते, पण 1891 मध्ये मणिपूर प्रकरणानंतर सरकारने राजपत्रात स्पष्ट केलं की राणीचं सरकार आणि संस्थानं यांच्या संबंधांना आंतरराष्ट्रीय कायद्याची तत्त्वं लागू नाहीत. तरीही 1912 मध्ये लंडनच्या घटस्फोट न्यायालयात एका दाव्यात बडोद्याच्या गायकवाड महाराजांना सहप्रतिवादी केलं, तेव्हा ते सत्ताधीश आहेत म्हणून न्यायालयाने त्यांना दाव्याबाहेर ठेवलं. 1938 मध्ये प्रिव्ही कौन्सिलपुढे गायकवाड बडोदा स्टेट रेल्वेचं प्रकरण आलं. रेल्वेवरचा दावा म्हणजे प्रत्यक्षात राजावरचाच दावा, त्याला कलम 86 ची (राजावर दावा लावण्याआधी घ्यायची सरकारी) परवानगी हवी आणि ती अट सोडून देता येत नाही, असं ठरलं. साम्राज्याच्या नात्यात दुय्यम, पण न्यायालयाच्या दारात सार्वभौम. दर्जा कोण ठरवतो यावर उत्तर कसं बदलतं, हे दाखवायला याहून चांगली उदाहरणं नाहीत. परीक्षक बडोद्याचा असेल तर ती वाचून नक्की थांबेल.

सार्वजनिक कायदा भारतात आत कसा शिरतो, यावर दोन परिच्छेद हवेतच. अनुच्छेद 51(क) मध्ये आंतरराष्ट्रीय कायद्याबद्दल आदर वाढवण्याचं मार्गदर्शक तत्त्व आहे, आणि अनुच्छेद 253 संसदेला करार राबवण्यासाठी कायदा करू देतो. नुसत्या सहीने करार न्यायालयात कायदा होत नाही, हे जॉली जॉर्ज वर्गीज (1980) मध्ये स्पष्ट आहे. कायद्यात पोकळी असेल आणि विरोध नसेल तर न्यायालय कराराचा आधार घेतं, त्याला कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळावरचा विशाखा निकाल (1997) लिहा. गुजरातचं उदाहरण हवं असेल तर कच्छचं रण घ्या. लवाद मंडळाने 19 फेब्रुवारी 1968 ला निवाडा दिला. वादग्रस्त भागाचा साधारण दहावा हिस्सा पाकिस्तानकडे गेला. घटनादुरुस्ती हवी का, असा प्रश्न मगनभाई ईश्वरभाई पटेल खटल्यात आला. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, नको, कारण हा प्रदेश देऊन टाकणं नसून वादातली सीमा ठरवणं आहे. बेरुबारीत (1960) प्रदेश पाकिस्तानला देऊन टाकायचा होता, म्हणून उलटं उत्तर का आलं, हे याच्या शेजारी ठेवलंत की मुद्दा पूर्ण होतो.

कुलभूषण जाधव प्रकरण सगळेच लिहितात, पण अर्धवट. 17 जुलै 2019 ला हेगच्या न्यायालयाने 15 विरुद्ध 1 मतांनी 1963 च्या कराराच्या कलम 36 चा (अटकेतल्या परदेशी माणसाला त्याच्या देशाच्या वाणिज्य दूताशी संपर्क मिळण्याचा हक्क) पाकिस्तानने भंग केल्याचं सांगितलं. शिक्षा रद्द करा ही भारताची मागणी मात्र मान्य झाली नाही. परिणामकारक फेरविचार करा, एवढाच आदेश निघाला. न्यायालयाला अधिकार मिळाला तो त्या कराराच्या ऐच्छिक प्रोटोकॉलमधून. दोन्ही देशांनी आधी संमती दिलेली नसती तर खटला उभाच राहिला नसता.

खासगी शाखेचा प्रवास वेगळा आहे. चौदाव्या शतकात इटलीतल्या शहरांचे नियम एकमेकांना भिडायला लागले आणि बार्तोलुसने त्यांची वर्गवारी केली. सतराव्या शतकात हॉलंडच्या हुबरने म्हटलं की परका कायदा आपण सौजन्याने मानतो, सक्तीने नाही. अमेरिकेत स्टोरी (1834), जर्मनीत साविनी (1849): प्रत्येक कायदेशीर नात्याचं एक मूळ ठिकाण असतं, ते शोधा. मानचिनीने राष्ट्रीयत्वावर भर दिला, आणि 1893 मध्ये ॲसरच्या पुढाकाराने हेग परिषदेचं पहिलं अधिवेशन झालं. भारत त्या परिषदेचा सदस्य 2008 मध्ये झाला. आपण इंग्रजी परंपरेतून आलो, म्हणून आपल्याकडे राष्ट्रीयत्वापेक्षा अधिवास (माणसाचं कायमचं घर असलेला देश) महत्त्वाचा.

व्याप्ती तीन प्रश्नांत येते: दावा कुठल्या न्यायालयात, कायदा कुठला, आणि परक्या निकालाचं इथे काय करायचं. दुसऱ्या प्रश्नावर थोडक्यात: स्थावर मिळकत जिथे आहे तिथला कायदा, जंगम मालमत्तेच्या वारशाला मृताच्या अधिवासाचा, व्यवहाराला पक्षकारांनी निवडलेला, आणि निवडला नसेल तर त्या व्यवहाराशी सर्वांत जवळचा. रावपुऱ्यातल्या घराचा वारस शिकागोचं न्यायालय ठरवू शकत नाही, एवढं लक्षात ठेवलं तरी पुष्कळ.

तिसऱ्या प्रश्नावर वेळ द्या. कलम 13 म्हणतं की परक्या न्यायालयाचा निकाल पक्षकारांवर निर्णायक असतो, सहा अपवाद सोडून: न्यायालयाला अधिकार नव्हता, गुणदोषांवर निर्णय नव्हता, आंतरराष्ट्रीय कायद्याचा चुकीचा अर्थ लावला किंवा लागू असलेला भारतीय कायदा नाकारला, नैसर्गिक न्याय डावलला, लबाडीने मिळवला, दावाच भारतीय कायद्याच्या भंगावर उभा होता. पहिला अपवाद सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत जास्त वापरात. 1894 मध्ये फरीदकोटच्या राजाच्या प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने सांगितलं की संस्थान सोडून गेलेल्या आणि अधिकार न मानलेल्या माणसाविरुद्ध तिथला एकतर्फी हुकूमनामा (दाव्यातला न्यायालयाचा अंतिम आदेश) बाहेर पूर्ण शून्य आहे. हाच धागा 1962 च्या शितोळे विरुद्ध शंकर सरन निकालात. ग्वाल्हेरच्या न्यायालयाने 1948 मध्ये एकतर्फी हुकूमनामा दिला, दरखास्त (म्हणजे बजावणीचा अर्ज) अलाहाबादेत आली. ग्वाल्हेर तेव्हा परकं न्यायालय होतं आणि प्रतिवादींनी त्याचा अधिकार मानला नव्हता, म्हणून शेवटी सर्वोच्च न्यायालयाने तो बजावणीस अपात्र ठरवला. शितोळे हे ग्वाल्हेरचं मराठा सरदार घराणं, त्यामुळे हे आपल्याच लोकांच्या इतिहासातलं पान आहे. दोन्ही शाखा इथे भेटतात: सत्तेची सीमा जिथे संपते तिथे न्यायालयाचा अधिकारही संपतो.

पैशाच्या हुकूमनाम्यांना कलम 44अ मुळे सोपी वाट आहे, पण ती अधिसूचित देशांच्या वरिष्ठ न्यायालयांपुरती: ब्रिटन, सिंगापूर, जानेवारी 2020 पासून संयुक्त अरब अमिराती, असे काही. प्रमाणित प्रत आणि किती वसुली झाली याचा त्या न्यायालयाचा दाखला जोडून थेट जिल्हा न्यायालयात दरखास्त करायची. अमेरिका या यादीत नाही. तिथल्या निकालावर इथे नवा दावा लावावा लागतो, आणि त्याला निकालाच्या तारखेपासून तीन वर्षांची मुदत (मुदत अधिनियम, अनुच्छेद 101). मुदतीची चूक महागात पडते. सयाजीरावांच्या काळात 1908 मध्ये याच शहरात स्थापन झालेल्या बँक ऑफ बडोदाकडे लंडनच्या न्यायालयाचा 1995 चा हुकूमनामा होता, आणि दरखास्त 2009 मध्ये झाली. मार्च 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं की 44अ खालच्या दरखास्तीला हुकूमनामा देणाऱ्या देशाची मुदत लागते. ब्रिटनची सहा वर्षं आहे, म्हणून दरखास्त मुदतबाह्य. वकील बारा वर्षं धरून चालतात, तिथे हा निकाल आडवा येतो.

आता मामेबहीण. लग्न हिंदू विवाह अधिनियमाखाली झालं असं धरतो. यावरचा मूळ निकाल नरसिंह राव विरुद्ध वेंकटलक्ष्मी (1991). लग्न तिरुपतीला, घटस्फोट मिसूरीत 90 दिवसांच्या वास्तव्यावर, कारण काय तर संसार सुधारण्यापलीकडे मोडलाय. सर्वोच्च न्यायालयाने तो मानला नाही. नियम असा: ज्या कायद्याखाली लग्न झालं त्याच कायद्याने न्यायालयाचा अधिकार आणि घटस्फोटाचं कारण ठरतं. अपवाद तीन. दुसरा जोडीदार खरोखर तिथेच राहतो आणि कारण त्याच्या विवाह-कायद्यात बसतं. किंवा त्याने स्वखुशीने हजर होऊन, त्याच कायद्यातल्या कारणावर लढत दिली. किंवा दोघांची संमती आहे. न्यू जर्सीत साधारणपणे एका पक्षाचं एक वर्षाचं वास्तव्य लागतं, आणि सहा महिन्यांचे न मिटणारे मतभेद हे कारण पुरतं. आपल्या अधिनियमात ते कारण नाही. सर्वोच्च न्यायालय अनुच्छेद 142 खाली (पूर्ण न्याय करण्याचा त्याचा खास अधिकार) तसा घटस्फोट देऊ शकतं (मे 2023 चा घटनापीठाचा निकाल), पण तो अधिकार त्याच न्यायालयाचा.

म्हणजे बहिणीने तिथे पाऊल ठेवलं नसेल, कैफियत (लेखी उत्तर) दिली नसेल, संमती दिली नसेल, तर तो हुकूमनामा इथे तिच्यावर बंधनकारक नाही. चुका होतात त्या यापुढे. भीतीपोटी तिथल्या वकिलाला वकीलपत्र देऊन पोटगी, दागिने, सगळ्यांवर उत्तर दाखल केलं जातं, आणि मग ‘स्वखुशीने हजर झाली’ असा युक्तिवाद समोरून येतो. काही सांगायचंच असेल तर फक्त अधिकारक्षेत्राला हरकत, लेखी, आणि तशी नोंद करून. उलट टोक म्हणजे नोटीस कपाटात टाकणं. इथे त्याने बिघडत नाही, पण नवऱ्याच्या तिथल्या मालमत्तेचा आणि मुलांच्या ताब्याचा निर्णय तिच्या गैरहजेरीत होऊन जातो. मूल असेल तर हे वेगळं आणि तातडीचं प्रकरण आहे. 1980 च्या मुलांच्या अपहरणावरील हेग करारात भारत नाही, आपली न्यायालयं मुलाचं हित पाहून ठरवतात, आणि परक्या न्यायालयाचा आदेश त्यात विचारात घ्यायच्या बाबींपैकी एक एवढाच असतो.

समन्स कसं आलं तेही पाहा. 1965 च्या हेग समन्स करारात भारत आहे, पण टपालाने थेट बजावणीला आपण हरकत नोंदवली आहे. बजावणी केंद्रीय विधी मंत्रालयामार्फत व्हायला हवी. कुरियरने आलेल्या पाकिटाचा लिफाफा, तारीख, ईमेल, सगळं जपून ठेवा.

तिने आपल्या बाजूने बडोद्याच्या कौटुंबिक न्यायालयात जावं. पत्नीला स्वतःच्या राहत्या ठिकाणी अर्ज करता येतो, कलम 19(iii-अ), 2003 च्या दुरुस्तीपासून. परका हुकूमनामा बंधनकारक नाही अशी घोषणा आणि पोटगी, दोन्ही मागता येतात. दरम्यान नवऱ्याने दुसरं लग्न केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 82 (पूर्वीचं 494) पाहावं लागेल. तिनेही तो हुकूमनामा हाती आहे म्हणून दुसऱ्या लग्नाची घाई करू नये. नाकारलेला घटस्फोट दोघांसाठीही नाकारलेलाच असतो. तिला मोकळं व्हायचंच असेल तर नवऱ्याच्या सहीने इथेच परस्परसंमतीचा अर्ज करणं सगळ्यांत स्वच्छ. त्याचं अमेरिकेत केलेलं मुखत्यारपत्र अपोस्टिल (परदेशी कागद खरा असल्याचा तिथल्या सरकारचा शिक्का) करून येतं. अपोस्टिलचा हेग करार आपल्याकडे जुलै 2005 पासून लागू आहे, म्हणून वकिलातीची वेगळी साक्षांकनाची फेरी लागत नाही.

न्यू जर्सीच्या हुकूमनाम्याची प्रत मिळाली की तीन गोष्टी शोधा: प्रतिवादीच्या हजेरीबद्दल काय लिहिलंय, घटस्फोटाचं कारण कोणतं नोंदलंय, आणि समन्स कोणत्या मार्गाने बजावलं. नावं-पत्ते झाकून तेवढाच मजकूर इथे टाकलात तर पुढचं नेमकं सांगता येईल.