चौकातील धडक: दोष कुणाचा आणि दावा कुठे करायचा?

प्रश्न: गेल्या रविवारी रात्री अकराच्या सुमारास आम्ही नाशिकमध्ये मुख्य रस्त्याने सरळ जात होतो. चौकातील सिग्नलचा पिवळा दिवा लुकलुकत होता आणि आमचा वेग चाळीसच्या आसपास होता. आमची गाडी चौक जवळजवळ ओलांडून गेली असताना डावीकडच्या लहान रस्त्यावरून आलेली मोटार आमच्या मागच्या डाव्या दारावर आदळली. त्या गृहस्थांचे म्हणणे असे, की चौकात तेच आधी शिरले होते. त्यांनी बंपर आणि दिव्यासाठी वीस हजार रुपये मागितले. कोल्हापूरहून आलेली माझी आई मागच्या सीटवर होती. तिच्या मनगटाचे हाड मोडल्याचे दुसऱ्या दिवशी एक्स-रेमध्ये दिसले. पोलिसांकडे अजून कुणीही गेलेले नाही. आमची गाडी साडेचार वर्षांची असून पॉलिसी सर्वसमावेशक आहे आणि नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) ४५ टक्के आहे. गॅरेजने ४२ हजारांचा अंदाज दिला आहे. दोष त्यांचा असताना आमच्या विम्याला आम्ही हात का लावावा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: आपल्या पत्रात तीन वेगवेगळी प्रकरणे एकत्र आली आहेत: आपल्या गाडीची दुरुस्ती, त्यांच्या गाडीची दुरुस्ती आणि आपल्या मातोश्रींची दुखापत. दोष कुणाचा, हा प्रश्न या तिन्हींत सारख्याच वजनाचा नाही. आपण तो जिथे सर्वांत जास्त धरून बसला आहात, त्या स्वतःच्या गाडीच्या दुरुस्तीत त्याला जवळजवळ काहीच महत्त्व नाही.

तरीही आधी दोषाचे पाहू. मोटार वाहने (चालन) विनियम, २०१७ नुसार सिग्नल किंवा पोलीस नियंत्रण करीत नसेल अशा चौकात मुख्य रस्त्यावरील वाहनांना आधी जाऊ द्यायचे असते आणि मुख्य-दुय्यम असा भेद नसेल तर आपल्या उजवीकडून येणाऱ्या वाहनाला वाट द्यायची असते. आपण मुख्य रस्त्यावर होता, शिवाय डावीकडून येणाऱ्या त्या चालकाच्या दृष्टीने आपण त्याच्या उजवीकडे होता; म्हणजे कोणताही नियम लावला तरी थांबायचे त्यांनी होते. ‘आधी चौकात शिरलो’ हे विधान चौकातील प्रत्येक भांडणात ऐकू येते, परंतु त्यांच्या गाडीचा पुढचा भाग आणि आपले मागचे दार हे दोन फोटो शेजारी ठेवले की ते टिकणे कठीण होते. मात्र लुकलुकणारा पिवळा दिवा आपल्यालाही वेग कमी करून सावधपणे पुढे जायला सांगत होता. आपण तसे केले नाही असे दिसले तर दोषाचा काही वाटा आपल्याकडेही येऊ शकतो. अपघाताच्या भरपाईचे दावे ऐकणारे न्यायाधिकरण दोष टक्केवारीत वाटून देऊ शकते, त्यामुळे सगळा दोष एकाच्याच पदरात पडेल असे गृहीत धरू नये.

हे सारे पुराव्यावर ठरते आणि पुरावा फार काळ टिकत नाही. चौकातील दुकानांच्या सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांत पुसले जाते, म्हणून ते जपून ठेवण्याची विनंती दुकानदारांना आणि पोलिसांना आजच लेखी करा. व्यक्ती जखमी झाली असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे चालकाने शक्य तितक्या लवकर, आणि उशिरात उशिरा २४ तासांत, पोलिसांना कळवायचे असते. ती मुदत उलटली असली तरी आता जा आणि फ्रॅक्चर दुसऱ्या दिवशी लक्षात आले हे कारण जबाबात स्पष्ट लिहून घ्या. रुग्णालयात अपघाताची एमएलसी (पोलिसांना कळवायची वैद्यकीय-कायदेशीर) नोंद झाली नसेल तर ती करून घ्या. हाड मोडणे ही कायद्याने गंभीर दुखापत असल्याने भारतीय न्याय संहितेच्या कलम २८१ आणि १२५ खाली गुन्हा नोंदला जाऊ शकतो. स्थळ पंचनामा आणि त्यासोबतचा नकाशा यांच्या प्रती मागून घ्या, कारण पुढे न्यायाधिकरण सर्वांत आधी तेच कागद पाहते.

आता आपल्या गाडीचे. सर्वसमावेशक पॉलिसीतील स्वतःच्या नुकसानीचा भाग चूक कुणाचीही असली तरी भरपाई देतो. वैध परवाना नसणे किंवा मद्यपान अशी कारणे असतील तर गोष्ट वेगळी. उलट नो क्लेम बोनसही दोष पाहत नाही, दावा घेतला की तो जातो. हे अन्यायाचे वाटते हे मान्य, पण मग हिशोबच मांडावा. स्वतःच्या नुकसानीचा मूळ हप्ता वर्षाला १०,००० रुपये धरू आणि तो स्थिर राहील असे समजू. दावा न केल्यास पुढच्या वर्षापासून ५० टक्के बोनस, म्हणजे दरवर्षी ५,००० रुपये. दावा केल्यास पुढच्या वर्षी १०,०००, नंतर बोनस २०, २५, ३५, ४५ असा चढत गेल्यास ८,०००, ७,५००, ६,५०० आणि ५,५०० रुपये. पाच वर्षांतील जादा खर्च १२,५०० रुपये होतो. दुसऱ्या बाजूला, ४२ हजारांत पत्र्याचे सुटे भाग २० हजारांचे, मजुरी १२ हजार आणि रंगकाम १० हजार असे धरले, तर चार ते पाच वर्षांच्या गाडीला धातूच्या भागांवर ३५ टक्के घसारा (वापरामुळे घटलेली किंमत) म्हणजे ७,००० रुपये, रंगाच्या सामानावर १,२५० रुपये आणि पंधराशे सीसीपर्यंतच्या गाडीची सक्तीची वजावट (दाव्यातील आपण स्वतः सोसायचा भाग) १,००० रुपये वजा जाऊन ३२,७५० रुपये हाती येतात. झिरो डेप्रिसिएशनची, म्हणजे घसारा न कापण्याची, जोड असेल तर त्याहून अधिक. तेव्हा या प्रकरणात दावा घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. हेच एस्टिमेट बारा-पंधरा हजारांचे असते तर मी उलट सांगितले असते. विमा कंपनीला ताबडतोब कळवा आणि नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेअरची पाहणी होण्याआधी गाडी उघडू देऊ नका. कंपनीने भरलेली रक्कम समोरच्याकडून आपण पुन्हा वसूल करू शकत नाही; तो हक्क कंपनीकडे जातो.

वीस हजारांची मागणी मात्र सरळ नाकारा. पॉलिसीच्या अटींत कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी कबूल करू नये, आश्वासन किंवा पैसे देऊ नयेत असे स्पष्ट असते, आणि चौकातच मिटवून टाकण्याची आपल्याकडची सवय या अटीला थेट छेद देते. ‘चूक झाली, बघून घेऊ’ असा व्हॉट्सॲपवरचा एक निरोपही पुढे आपल्याविरुद्ध वापरता येतो. त्यांनी स्वतःच्या विम्यातून दुरुस्ती करावी किंवा न्यायाधिकरणात जावे. तशी नोटीस आलीच तर ती न उघडता ठेवून देऊ नका, लगेच विमा कंपनीकडे पाठवा. वकील देणे हे तिचे काम आहे. पॉलिसीत त्रयस्थाच्या मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादाही तपासा. खासगी मोटारीला ती साधारणतः साडेसात लाख असते, पण हप्त्यात थोडी बचत व्हावी म्हणून काही जण ती ६,००० रुपयांवर आणून ठेवतात.

मातोश्रींचे प्रकरण सर्वांत महत्त्वाचे आहे आणि आपण त्याबद्दल काहीच विचारलेले नाही. त्या प्रवासी होत्या, त्यामुळे दोन चालकांत दोष कसाही विभागला गेला तरी त्यांच्या भरपाईतून काही कापले जात नाही. दोन वाहनांच्या चुकीने तिसऱ्याला इजा झाली तर त्याने कोणत्याही एकाकडून संपूर्ण भरपाई मागावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये स्पष्ट केले आहे. म्हणजे दावा समोरच्या मोटारीचा मालक व त्याची विमा कंपनी यांच्यावर पूर्ण रकमेचा करता येतो. त्या गाडीचा विमा चालू आहे का, हे एमपरिवाहन ॲपवर क्रमांक टाकून पाहता येते. निष्काळजीपणा सिद्ध करून भरपाई मागायच्या, मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खालील अर्जासाठी सहा महिन्यांची मुदत आहे. कलम १६४ खाली गंभीर दुखापतीसाठी निष्काळजीपणा सिद्ध न करताही अडीच लाख रुपये मागता येतात. यांपैकी कोणता मार्ग घ्यायचा हे उपचाराचा खर्च आणि हाताची पुढील स्थिती पाहून वकिलासोबत ठरवावे. अर्जदार राहतो त्या भागातील न्यायाधिकरणातही अर्ज चालतो, तेव्हा तारखांसाठी त्यांना नाशिकला यावे लागणार नाही.

प्रश्न: सिग्नलला मागून धडक बसली. गावी असल्याने मी विमा कंपनीला नऊ दिवसांनी कळवले. केवळ उशिराच्या कारणावरून माझा दावा फेटाळला आहे. आता काय करावे?
– एक वाचक, सातारा

उत्तर: विलंब टाळता येण्यासारखा नव्हता आणि दावा खरा आहे, अशा वेळी केवळ उशिरावर बोट ठेवून तो यांत्रिकपणे नाकारू नये, असे विमा नियामकाने २०११ च्या परिपत्रकात विमा कंपन्यांना बजावले आहे. त्याचा उल्लेख करून, गावी असल्याचा पुरावा जोडून, कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही तर एक वर्षाच्या आत पुण्यातील विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जाता येते. तिथे शुल्क नाही आणि वकिलाचीही गरज नाही.