सुचत नाही, की सुचलेलं खोडतोस?

जानेवारी लागला की ठाण्याच्या नौपाड्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत एकच वाक्य वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतं. "मॅडम, बाकी सगळं येतं हो त्याला, पण इंग्लिशच्या पेपरात गोष्ट लिहायची म्हटली की पार ब्लँक होतो." कधी आई सांगते, कधी बाबा, कधी मूल स्वतः मान खाली घालून पुटपुटतं, "सुचतच नाही." स्टेट बोर्डाच्या मुलांना मुद्द्यांवरून किंवा दिलेल्या सुरुवातीवरून छोटीशी गोष्ट पूर्ण करायची असते, ती त्यातल्या त्यात निभावून नेतात. खरी घालमेल आयसीएसईच्या दहावीच्या मुलांची. इंग्लिश लँग्वेजच्या ८० गुणांच्या पेपरात त्यांना पहिलाच प्रश्न २० गुणांच्या निबंधाचा असतो. साधारण ३०० ते ३५० शब्द. पर्यायांमध्ये बहुतेक वेळा एक 'ओरिजिनल शॉर्ट स्टोरी' असते आणि तिची सुरुवात किंवा शेवट दिलेला असतो.

"मग दुसरा पर्याय घ्यायचा," असा सल्ला घरोघरी दिला जातो. तो चुकीचा नाही, पण त्यानं प्रश्न सुटत नाही. कारण माझ्याकडे येणारी बहुतेक मुलं गोष्टीत अडकतात ती तिची आवड असल्यामुळे. त्यांना गोष्टच लिहायची असते. ती भरपूर वाचणारी असतात. चांगली गोष्ट कशी असते हे त्यांना नेमकं ठाऊक असतं आणि तेच त्यांच्या हाताला आडवं येतं.

मिहीर असाच. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. लिहिण्याआधी त्याला आणि त्याच्या आईला विचारलं आहे.) घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरमध्ये राहणारा, उंच, चष्मा लावणारा, बोलताना पेनचं टोपण सतत काढून लावणारा. प्रिलिममध्ये निबंधाला २० पैकी ७ मिळाले होते. त्याहून मोठं नुकसान पुढे झालं होतं. पेपर दोन तासांचा, म्हणजे गुणामागे दीड मिनिट आणि निबंधाला अर्धा तास. यानं तिथे ५५ मिनिटं घालवली. पत्र अर्धवट राहिलं आणि एरवी पैकीच्या पैकी मिळणारं व्याकरण घाईत गेलं.

आईनं करता येईल ते सगळं केलं होतं. क्लास लावला, नमुना निबंधांची दोन पुस्तकं आणली, त्यातल्या बारा गोष्टी पाठ करून घेतल्या. "बारातली एक तरी बसेलच ना मॅडम, फिरवून घालायची," त्या म्हणाल्या. मिहीर खिडकीबाहेर बघत होता.

आईंना बाहेर बसवून मी त्याला विचारलं, "पेपरात नेमकं काय झालं?"

"काहीच सुचलं नाही मॅम."

"५५ मिनिटं काहीच नाही?"

"म्हणजे... जे सुचलं ते चांगलं नव्हतं."

हे दुसरं उत्तर पहिल्याहून अगदी वेगळं आहे. बहुतेक पालक पहिल्या उत्तरावर थांबतात आणि उपाय शोधायला लागतात. सुचत नाही ना, मग पुस्तक आणा, क्लास लावा. दुसऱ्या उत्तरापर्यंत जायला फक्त एक जास्तीचा प्रश्न लागतो.

मी विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीनं काम करते. अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९५५ मध्ये ती मांडायला सुरुवात केली आणि मानसतज्ज्ञ कि. मो. फडके यांच्यामुळे ती महाराष्ट्रातल्या माझ्यासारख्या अनेकांपर्यंत पोचली. तिचा गाभा साधा आहे: घटना आपल्याला जेवढी हलवते, त्याहून जास्त हलवतो त्या घटनेबद्दलचा आपला आग्रह. इतकी वर्षं ही पद्धत वापरताना मला जाणवलंय की हा आग्रह पकडायला मराठी भाषेसारखी सोय नाही. आपल्याकडे आग्रह एका अक्षरात मावतो. 'च'.

दुसऱ्या भेटीत मी कोरा कागद पुढे घेतला आणि त्याला म्हटलं, "चांगली गोष्ट कशी असते, सांग." तो बोलत गेला, मी कागदावर रेघा ओढत गेले. पहिलं वाक्य भारीच हवं. शेवटी ट्विस्ट हवाच. शब्द कठीणच वापरायचे, नाहीतर परीक्षकांना बालिश वाटतं. आणि गोष्ट ओरिजिनलच हवी, आधी कोणालाच सुचलेली नसावी. तो थांबला तेव्हा मी कागद त्याच्याकडे फिरवला.

"या रेघा कसल्या?"

"तू 'च' किती वेळा म्हणालास, त्या."

नऊ रेघा होत्या. त्यानं त्या स्वतः परत मोजल्या. मग पहिल्यांदाच हसला.

"ओरिजिनल म्हणजे काय रे?" मी विचारलं.

"युनिक. जगात कोणीच लिहिलेली नाही अशी."

"अर्ध्या तासात?"

तो गप्प. मग मी त्याला माझा अर्थ सांगितला. प्रश्नपत्रिकेतल्या त्या शब्दाचा साधा अर्थ एवढाच, की पाठ केलेली किंवा कुठून उचललेली नको, तू रचलेली हवी. सोळाव्या वर्षी, पेपराच्या पहिल्या अर्ध्या तासात, जगाला नवं काही दे असं बोर्ड कुणाला सांगत नाही.

हे त्याला पटलं, पण हातात उतरलं नाही. घरी सराव करताना पान कोरंच राहायचं. मी त्याला एक गृहपाठ दिला: दहा मिनिटांचा गजर लावायचा आणि मुद्दाम वाईट गोष्ट लिहायची, जितकी वाईट जमेल तितकी. ती त्यानं लिहून आणली, आम्ही दोघंही वाचून मनमुराद हसलो. हात मोकळा झाला होता. पण अजून काहीतरी दाराआड उभं होतं, हे मला जाणवत होतं.

ते सापडलं चौथ्या भेटीत, आणि तेही त्याच्या बोलण्यातून नाही. मी त्याला प्रिलिमची उत्तरपत्रिका आणायला सांगितलं होतं. प्रश्न होता, गोष्टीची सुरुवात अशी करा: 'अचानक सगळे दिवे गेले.' त्याखाली मिहीरनं एका जुन्या हवेलीची गोष्ट लिहिली होती. रॉबर्ट नावाचा माणूस, वादळ, फायरप्लेस, करकरणारा जिना. पाठ केलेल्या बारांपैकी दोन गोष्टींचं कडबोळं. पण रॉबर्टच्या आधी चार ओळी होत्या. इतक्या गच्च खोडलेल्या, की शाईखाली एक अक्षर दिसत नव्हतं.

मी पान उलटं केलं. बॉलपेन दाबून लिहिलेलं असलं की मागच्या बाजूला अक्षरं उमटतात. टेबलावरच्या दिव्याखाली पान तिरपं धरलं, बोट फिरवलं. उलटी अक्षरं हळूहळू लागत गेली. लिफ्ट. फोर्टीन्थ फ्लोअर. पुढे एक शब्द लिहून मध्येच सोडलेला.

"मिहीर, ही लिफ्ट कुठली?"

टोपणाची टकटक थांबली. "ते काही नाही मॅम. ते खरंच झालं होतं. आमच्या बिल्डिंगमध्ये."

"मला सांग."

"त्यात काही नाही..."

"नसू दे. सांग."

आणि मग तो मराठीत बोलायला लागला. गेल्या पावसाळ्यातली संध्याकाळ. वीज गेली, जनरेटरही चालू झाला नाही. चौदाव्या आणि पंधराव्या मजल्याच्या मध्ये लिफ्ट अडकली. आत तो आणि इस्त्रीवाले काका, कपड्यांचं गाठोडं घेऊन. मोबाइलला रेंज नाही. घंटा वाजवली, कुणी येईना. मिहीरला रडू फुटलं. मग अंधारात काकांनी गाठोडं उघडलं आणि म्हणाले, चल, एक खेळ खेळू, हात लावून ओळखायचं कोणता कपडा कुणाचा. एक शर्ट त्याच्या हातात दिला. "हा तुझ्या पप्पांचा. उजव्या खांद्यावर कापड पातळ झालंय बघ. रोज त्याच खांद्यावर बॅग लटकवून लोकलनं जातात ना." मिहीरनं अंधारात बोटानं चाचपलं. खरंच पातळ होतं. इतक्या वर्षांत त्याला ते कधी दिसलं नव्हतं.

"आणि मॅम, मग मी शर्ट परत दिला ना, तेव्हा त्यांचा हात लागला. थरथरत होता. म्हणजे ते पण घाबरले होते. माझ्यापेक्षा जास्त. खेळ त्यांनी माझ्यासाठी काढला होता."

तो अकरा मिनिटं बोलला. समोरच्या भिंतीवर घड्याळ आहे, म्हणून सांगते. एकदाही अडखळला नाही. मी मध्ये एक शब्द बोलले नाही, आणि समुपदेशक म्हणून काही कमावलं असेल तर ते हे, कुठे गप्प बसायचं.

नंतर मी विचारलं, "ही का खोडलीस?"

"इस्त्रीवाल्यावर कोण लिहितं मॅम, इंग्लिशमध्ये? आणि त्यांना इंग्लिशमध्ये काय म्हणतात तेच आठवेना."

माझ्यापुरता उलगडा इथे झाला. मी तोवर त्याच्या 'च'शी झुंजत होते आणि ते बरोबरही होतं. पण सगळ्यात मोठा 'च' त्यानं कधी उच्चारला नव्हता, कारण त्याला तो आग्रह वाटतच नव्हता, नियम वाटत होता. इंग्लिशमधली गोष्ट इंग्लिश माणसांचीच असते. तिथे वादळ येतं, मुसळधार पाऊस येत नाही. तिथे फायरप्लेस असते, जनरेटर नसतो. मिहीरचं सगळं जगणं मराठीत साठलेलं, आणि इंग्लिश पेपराच्या दारात तो ते चपलांसारखं बाहेर काढून ठेवत होता. मग आत जाऊन म्हणत होता, माझ्याकडे काहीच नाही.

तेव्हापासून मी कुठल्याही मुलाला 'का सुचत नाही' असं विचारत नाही. मी विचारते, 'सुचलेलं काय खोडलंस?' या एका प्रश्नानं पाच-सहा मुलं मोकळी होताना मी पाहिली आहेत. एका मुलीनं गावदेवी मार्केटमध्ये आजीबरोबर भाजी घेताना झालेलं भांडण खोडलं होतं. दुसऱ्या मुलानं कळव्याच्या खाडीपुलावर बंद पडलेली रिक्षा.

आता पालकांसाठी थोडं कामाचं.

शब्द अडला म्हणून गोष्ट सोडायची नसते. मिहीरला मी म्हटलं, नाव आठवत नाही ना, मग तो माणूस काय करतो ते सांग. "द मॅन हू आयर्न्ड अवर क्लोद्स." झालं की. सोपं आहे, बरोबर आहे, आणि डोळ्यांसमोर माणूस उभा राहतो. पाठ केलेले भारदस्त शब्द चुकीच्या जागी बसतात, ते वाचणाऱ्याला लगेच टोचतं. आजीचं नाव, तलावपाळी, टीएमटीची बस हे सगळं इंग्लिश गोष्टीत खुशाल येऊ द्या. तपासणारेही इथलेच आहेत.

तीनशे शब्दांत आयुष्य मावत नाही, वीस मिनिटं मावतात. म्हणून एक जागा, दोन माणसं आणि थोडा वेळ एवढंच घ्यायला शिकवा. मिहीरची लिफ्ट त्या मापात आपोआप बसली होती. त्याला ट्विस्टची फार चिंता होती. मी दाखवलं की तो थरथरणारा हात, तोच ट्विस्ट. तो बाहेरून आणावा लागला नाही, भूत काढावं लागलं नाही, शेवटी 'आणि मला जाग आली' असं लिहावं लागलं नाही. ते जाग येणं तर कृपा करून मुलांना वर्ज्यच करा.

वेळेचं गणित घड्याळ लावून घरी पक्कं करावं: पाच मिनिटं विचार, वीस मिनिटं लिखाण, पाच मिनिटं वाचून दुरुस्ती. अर्धा तास संपला की वाक्य पूर्ण करून पुढच्या प्रश्नावर, गोष्ट कितीही रंगली असली तरी. मिहीरला हे सगळ्यात जड गेलं. पहिल्या तीन सरावांत तो थांबला नाही, चौथ्यात थांबला.

आणि नमुना गोष्टी पाठ करून घेऊ नका. वाचायला द्या, जरूर द्या. पण पाठांतर मुलाला न बोलता सांगतं की तुझ्याकडचं पुरेसं नाही. त्यापेक्षा रात्री जेवताना विचारा, आज येताना काय झालं? मराठीत सांगू दे. पूर्ण सांगू दे, मध्ये 'अभ्यास किती झाला' नको. जे मूल एका भाषेत गोष्ट सांगू शकतं, त्याला दुसऱ्या भाषेत ती लिहायला फक्त सराव लागतो.

पाचव्या भेटीत मिहीरनं लिफ्टची गोष्ट इंग्लिशमध्ये लिहून आणली. ३४० शब्द. मी ती त्याच्या आईंना वाचायला दिली. शर्टाच्या ओळीपाशी त्या थांबल्या. बराच वेळ तिथेच होत्या. मग म्हणाल्या, "हा लिफ्टमध्ये अडकला होता हे मला माहीत होतं. रडला होता हे माहीत नव्हतं." मिहीर या वेळी खिडकीबाहेर बघत नव्हता.

बोर्डाचा पेपर झाला त्या दुपारी त्याचा फोन आला. रिक्षातूनच, मागे माजिवड्याच्या ट्रॅफिकचे हॉर्न.

"मॅम, गोष्टच घेतली. लिफ्टची नाही बसली, दुसरीच लिहिली. आजोबांची."

"वेळेत?"

"२८ मिनिटं. आणि एकच ओळ खोडली."

"का खोडलीस?"

"स्पेलिंग चुकलं होतं. खाली परत तीच लिहिली."