आजोबांच्या जुन्या लाकडी पाईपला घासून नवा रंग आणि वॉर्निश मारू का?

तुम्ही लिहिलं आहे की आजोबांचा तंबाखू ओढायचा लाकडी पाईप माळ्यावर सापडला, वरून काळाकुट्ट झाला आहे, तोंडाची नळी हिरवट पडली आहे, आणि आता पॉलिश पेपरनं घासून महोगनी रंग देऊन वर वॉर्निश मारायची आहे, शोकेससाठी. तर भाऊ, पॉलिश पेपर पहिले हातातून खाली ठेवा. रंगाचं मग पाहू.

वॉर्निश तर मारूच नका. कपाट, दरवाजा, पाटाला ठीक आहे, पाईपला नाही. पाईप पेटवला की लाकूड गरम होते, वॉर्निशचा थर फुगते, बुडबुडे येतात आणि वास असा सुटते की घरात बसवत नाही. शोकेसमध्येच ठेवायचा आहे म्हणाल, तर आमचाही शोकेसमध्येच होता. म्हणूनच एवढं लिहून राहिलो, नाहीतर मला काय पडलं आहे.

आमचे आबाजी, म्हणजे आजोबा, गडचिरोलीकडच्या आलापल्लीच्या जंगलात नाकेदार, म्हणजे वनरक्षक होते. तिथं एक साहेब होते, डेहराडूनला शिकून आलेले, सागवानाचं मार्किंग चालू असताना सुद्धा तोंडातला पाईप काढत नसत म्हणे. बदली झाली तेव्हा जाताना त्यांनी आपला एक जुना पाईप आबाजींना देऊन टाकला. गावात पाईपचा तंबाखू कुठून मिळणार, तर आबाजी बिडी सोलायचे, आतला जर्दा तळहातावर चोळायचे आणि त्यात भरायचे. मी लहान होतो, त्यांच्या बाजेच्या पायथ्याशी बसून हे सगळं पाहिलेलं आहे. आबाजी डावखुरे. काडी डाव्या हातानं लावायचे, त्यामुळं पाईपच्या वाटीचा, म्हणजे तंबाखू भरतात त्या भागाचा, काठ एका बाजूनंच जळलेला होता, ओढणाऱ्याच्या डावीकडून, नखाएवढा काळा खड्डा. तो डाग मला अजून डोळ्यासमोर दिसते.

आता आमचे मोठेबाबा, म्हणजे वडिलांचे मोठे भाऊ. त्यांचं म्हणणं पहिल्यापासून एकच, "बुढा कवाच पाईप ओढत नव्हता, तो निस्ता दाखवाले ठेवला होता, आपल्या बुढ्याची बिडी सोडून दुसरी लत नव्हती." का असं म्हणायचे देव जाणे. बहुतेक नाकेदारानं साहेबासारखा पाईप ओढणं त्यांना लाजिरवाणं वाटत असावं, लोक हसत असतील तेव्हा. वाटणीत घड्याळ आणि पाईप त्यांच्याकडं गेला. पोराच्या लग्नात घराला रंग लागला, तर उरलेल्या वॉर्निशमध्ये पाईपचाही नंबर लागला. दाराला वापरतात तो जाडा पेपर घेऊन त्यांनी तो असा घासला की वाटीचा काठ सपाट, जळका डाग साफ, दांडीवरचा (वाटीपासून नळीपर्यंतचा लाकडी भाग) कंपनीचा शिक्का साफ. मग वॉर्निशचे दोन हात. चमकत होता म्हणाल तर आरशासारखा. लग्नात कोण्या पाहुण्याला हुक्की आली, त्यानं त्यात सिगरेटचा तंबाखू भरून पेटवला, आणि पाच मिनिटांत वाटीवर फोड आले. मग मोठेबाबा मला म्हणाले, "घे बे, तुलेच लय हौस होती ना त्याची." असा तो माझ्याकडं आला.

तर घासू नका हे मी का म्हणतो ते समजून घ्या. हे पाईप बहुतेक ब्रायर लाकडाचे असतात. ब्रायर म्हणजे खोड नाही, फांदी नाही. भूमध्य समुद्राच्या काठानं एरिका आर्बोरिया नावाचं झुडूप होते, त्याच्या मुळाशी जमिनीत जी गाठ वाढते तिचं ते लाकूड. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून फ्रान्समधल्या सेंट क्लॉड गावात याचे पाईप बनायला लागले आणि मग इंग्लंडनं उचललं. घट्ट, उष्णता सहन करणारं लाकूड आहे, लवकर जळत नाही. आपला सागवान कितीही राजा असो, २०२३ मध्ये बल्लारशाच्या डेपोतून अयोध्येच्या मंदिराला गेला असो, पाईप त्याचा बनत नाही. तर त्या दांडीवर जे बारीक अक्षरात कोरलेलं असते, नाव, नंबर, कुठल्या देशात बनला, तीच त्या पाईपची जन्मपत्रिका. डनहिलसारख्या कंपनीच्या पाईपवर तर शिक्क्याशेजारच्या आकड्यावरून कोणत्या साली बनला ते पण निघते. ते घासलं की संपलं. मी आमच्या पाईपवर बॅटरीचा उजेड आडवा मारून आणि खडूची भुकटी चोळून पाहिलं, तर फक्त शेवटचं 'लंड' दिसते, आता ते इंग्लंड की आयर्लंड, बसा विचार करत.

म्हणून पहिले फोटो काढा. शिक्क्याचा, काठाचा, नळीवरच्या दातांच्या खुणांचा, सगळ्या बाजूनं. मग साफसफाई. नव्वद टक्के काळेपणा रंग उडाल्याचा नसतेच, तो हाताचा मळ आणि धुराचा डांबर असते. नळी दांडीतून काढताना सरळ ओढू नका, हळूहळू फिरवत काढा, आणि पाईप थंड असतानाच. अडकली तर जबरदस्ती नाही, दांडी चिरते. काठावर डांबराची खपली असते, ती ओल्या सुती कपड्यानं, फारच झालं तर थुंकी लावून, पुसत बसा. हसू नका, थुंकीनं खरंच निघते. वाटीच्या आत कोळशाचा थर असते, तो जाड झाला असेल तर खरवडून पातळ करा, एक-दीड मिलिमीटर राहू द्या, पार लाकूड उघडं करू नका, तो थरच लाकडाला जळण्यापासून वाचवते. खरवडताना तोंडाला रुमाल बांधा.

आत वास मारत असेल तर कापसाचे बोळे भरून स्पिरिट टाकून रात्रभर ठेवायचं, सकाळी बोळे चहासारखे होऊन निघतात. पण हे स्पिरिट रंगाच्या दुकानातलं नाही हां. त्यात मिथेनॉल असते, ते बाहेरून पॉलिशला चालते, जे तोंडाला लागणार तिथं नाही. औषधाच्या दुकानातून आयसोप्रोपिल आणा. बाहेरचे लोक यासाठी रम वापरतात, आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ ते २०२१ दारूबंदी होती त्यामुळं ती सोय नव्हती, मोहाच्या पहिल्या धारेनं काम होते असं ऐकून आहे, पुढचं मला विचारू नका.

नळीचं. ती काळी नळी एबोनाइटची असते, म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. उन्हानं आणि हवेनं तिच्यातलं गंधक वर येते आणि ती हिरवी-पिवळी पडते, कडवट पण लागते. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४६-४७ जाते, खिडकीत ठेवली तर एका उन्हाळ्यात रंग बदलते. इथं मात्र पेपर लागतेच. ४०० चा वॉटर पेपर, मग ६००, ८००, १०००, २०००, प्रत्येक वेळी पाणी लावून. नळीवर कंपनीचा ठप्पा असेल तर त्यावर टेप चिकटवा. दातांचे खड्डे वर आणायचे तर लायटरच्या ज्योतीवरून नळी पटापट फिरवायची, एबोनाइट गरम झालं की आपल्या जुन्या आकाराकडं परत येते. थांबलात की जळली.

मी हे खड्डे वर आणले नाहीत. मुद्दाम. कारण तेवढाच पुरावा उरला आहे. नळीच्या डाव्या कोपऱ्यात वरून एक खोल दात आणि खालून एक हलका, आबाजींचा समोरचा एक दात पडलेला होता तो अगदी बरोबर बसते. मी मोठेबाबांना दाखवलं तर म्हणाले, "साहेबाचे दात असतील ते." आता साहेब पण डाव्या बाजूनंच धरत असेल आणि त्याचाही तोच दात पडलेला असेल, चला मानलं. पण वाटीतल्या थराला अजून बिडीच्या जर्द्याचा वास येते, साहेब काय बिडी सोलत होता काय? यावर ते गप्प बसून खर्रा घोटतात. वयानं मोठे, त्यांना काही बोलता येत नाही, म्हणून इथं लिहून ठेवतो.

आता रंग, जो तुम्ही खरंच विचारला होता. ब्रायरला पाण्याचा किंवा तेलाचा रंग नाही, स्पिरिटमध्ये विरघळणारा डाय लागते, सुतारांकडं पुडीत मिळते ती पावडर किंवा चामड्याचा स्पिरिटवाला डाय. वाटीच्या आत कापूस कोंबून ठेवा, आत रंगाचा थेंब जायला नको, दांडीच्या भोकात पण बूच मारा. लाकूड थोडं कोमट करा म्हणजे रेघा रंग पितात. कापसाच्या काडीनं लावा. जाणकार लोक ओला असतानाच काडी लावतात, स्पिरिट भुर्रकन जळून जाते आणि रंग आत बसते, पण स्पिरिटची बाटली बंद करून दूर ठेवल्याशिवाय आणि अंगणात बसल्याशिवाय हे करू नका, घर पेटवाल. मग सुकल्यावर नुसत्या स्पिरिटच्या कापडानं वरचा रंग पुसून काढायचा. रेघांमधल्या जागेतून रंग निघते, रेघांमध्ये राहते, आणि लाकडाच्या रेघा उठून दिसतात. पहिले काळा, मग पुसून त्यावर तपकिरी, असं केलं तर फार भारी दिसते. वाळल्यावर हातानं सुती फडक्यानं खूप घासा, एवढंच.

चमक मेणानं आणा. पण मधमाशीचं मेण नाही, ते ६२-६४ डिग्रीला वितळते, गरम वाटीवर हाताला चिकटते. कारनौबा मेण घ्या, ब्राझीलच्या एका ताडाच्या पानांवरून निघते, ८२ ते ८६ डिग्रीला वितळते. ते हातानं लागत नाही, फिरतं कापडी चाक लागते. मी आमच्या सोनाराच्या बफच्या मोटरवर नवीन चाक लावून केलं, त्याच्या जुन्या चाकावर नाही, त्यात रूज, म्हणजे पॉलिशची लाल पावडर असते, सगळं लाल होते. पाईप घट्ट धरा, चाक तो हातातून उडवून भिंतीवर मारते. आपल्या गोंदिया-भंडाऱ्याकडची चपडा लाख लावू का विचाराल. नुसता मांडून ठेवायचा असेल तर स्पिरिटमध्ये पातळ करून एक हात चालेल, वॉर्निशपेक्षा शंभर पटीनं बरी, चुकलं तर स्पिरिटनं उतरते तरी. ओढायचा असेल तर नको, लाख पण ७५-८० डिग्रीला नरम पडते.

वॉर्निश आधीच कोणी मारून ठेवली असेल तर थिनरच्या बोळ्यानं उतरवा, नळी काढून, शिक्क्यावर दाबून न घासता. मला तसंच करावं लागलं.

हे सगळं ब्रायर आहे असं धरून लिहिलं. पांढऱ्या दगडासारखा हलका असेल तर तो मीरशॉम, त्याला ह्यातलं काहीच करू नका, स्पिरिट तर नाहीच. नळी पिवळी पारदर्शक असेल तर ती ऍक्रिलिक असू शकते, तिला पण थिनर-स्पिरिट दाखवू नका, तडे जातात. आणि ओढा असं मी म्हणत नाही, आबाजी शेवटची काही वर्षं रात्रभर खोकत होते, ते पण मीच पाहिलं आहे.

महोगनी की तपकिरी, तर तपकिरी. महोगनीनं सगळं लाल होऊन रेघा बुडतात. पण साफ केल्यावर आधी एकदा नीट पाहा, बऱ्याचदा खालून जुना रंग चांगला निघते आणि काहीच लावायची गरज पडत नाही. शिक्का वाचता येत नसेल तर उजेड आडवा मारून फोटो टाका, मी सांगतो. काठावर डाग कोणत्या बाजूला आहे ते पण लिहा.