दोष दिसत असताना कळवळा कसा ठेवावा?

आपण विचारले आहे की, मंडळीत, म्हणजे चर्चच्या उपासनेला, दारू पिऊन येणाऱ्या एका माणसाविषयी मनात तिरस्कार दाटून येतो आणि प्रभूने तर ‘दोष काढू नका’ असे सांगितले आहे. मग त्याच्याकडे करुणेने पाहणे म्हणजे त्याच्या पापाकडे डोळेझाक करणे नव्हे काय? हा प्रश्न बरीच वर्षे माझाही होता.

बायबलमधील मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सातव्या अध्यायातील कुसळ-मुसळाचे वचन आपण बहुधा दुसऱ्याला गप्प करण्यासाठी वापरतो आणि त्याचा शेवट विसरतो. कुसळ तसेच राहू दे, असे प्रभू तेथे म्हणत नाही. आधी आपल्या डोळ्यातले मुसळ काढ, म्हणजे भावाच्या डोळ्यातले कुसळ काढायला तुला नीट दिसेल, असे म्हणतो. लहानपणी खळ्यावर गव्हाची मळणी चालू असताना माझ्या डोळ्यात कुसळ गेले होते. आजीने मला उजेडाकडे वळवले, अंगठ्याने पापणी वर धरली आणि पदराचे टोक ओले करून, श्वास रोखून ते अलगद टिपून घेतले. खळ्याजवळ का आलास, असे तिने विचारले नाही, कारण मला किती खुपते आहे ते तिला दिसत होते. ज्याच्या डोळ्यात कुसळ असते त्यालाच ते सर्वांत जास्त खुपते, ही गोष्ट आपण उपासनेच्या बाकावर बसून सहज विसरतो.

आमच्या मंडळीतही असे एक गृहस्थ शेवटच्या बाकावर बसत आणि मी त्यांच्यापासून दूर सरकत असे. एका रविवारी प्रभुभोजनाच्या वेळी, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीत, प्याल्यांचे तबक त्यांच्यापर्यंत आले, तेव्हा थरथरत्या हातांनी, प्याला न घेता, त्यांनी ते तसेच पुढे दिले. मी मनात जो निवाडा केला होता, तो त्यांनी स्वतःविरुद्ध केव्हाच करून टाकला होता. शुभवर्तमानात येशूला लोकांचा ‘कळवळा आला’ असे येते, तेथील मूळ ग्रीक क्रियापद आतड्यांवरून आलेले आहे, आणि आपणही आतडे तुटते असेच म्हणतो. त्या दिवशी मला त्या शब्दाचा अर्थ पोटात जाणवला.

पंडिता रमाबाई 1883 मध्ये इंग्लंडला गेल्या, तेव्हा लंडनजवळ फुलहॅम येथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांना ख्रिस्ती भगिनी मायेने सांभाळत असल्याचे त्यांनी पाहिले. हे कशामुळे, असे विचारल्यावर एका भगिनीने त्यांना योहानाच्या चौथ्या अध्यायातील शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना दूर ठेवत अशा समाजातील, स्त्रीची गोष्ट वाचून दाखवली, असे रमाबाईंनी स्वतः लिहून ठेवले आहे. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी अशाच स्त्रियांसाठी कृपासदन उघडले. त्या गोष्टीत येशू पाप लपवत नाही. पाच पती झाले आणि आता असलेला तुझा पती नाही, हे तो तिला तोंडावर सांगतो. मात्र त्याआधी, भर दुपारी विहिरीवर थकून बसलेला असताना, तो तिच्याकडे प्यायला पाणी मागतो. आपल्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर या क्रमात आहे.

पुढच्या रविवारी मी त्या गृहस्थांच्या शेजारी जाऊन बसलो. चष्मा घरी राहिला होता, म्हणून गायनपुस्तक त्यांच्या हाती देऊन तेवढे गीत काढून द्यायला सांगितले. त्यांनी एकेक पान जपून उलटत ते काढले आणि पुस्तक आम्हा दोघांच्या मधोमध धरून ठेवले.