घोडा पुढच्या पायाने लंगडतोय, पण सूज कुठेच नाही. कारण कसं शोधायचं?

तुम्ही लिहिलंय की पेडण्यात तुमचा सात वर्षांचा घोडा चार दिवसांपासून पुढच्या डाव्या पायाने लंगडतोय. सूज दिसत नाही, इंजेक्शन दिलं की दिवसभर बरा चालतो, आणि शेजारी म्हणतात खांदा धरलाय.

खांदा सध्या बाजूला ठेवा आणि खुरापासून सुरुवात करा. पुढच्या पायाच्या लंगडण्याचं मूळ बहुतेक वेळा खुरातच सापडतं. घोड्याचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं आणि खुराचं कवच कडक, त्यामुळे आत पू झाला तर सूज यायला जागाच नसते. आपल्याला नखुरडं झालं की रात्रभर कसं ठणकतं, तसंच हे. बाहेरून पाय अगदी सरळसोट दिसतो.

हे मी आमच्या डिचोलीच्या घोडीकडून शिकलो. श्रावणातली गोष्ट. ती लंगडायला लागली तेव्हा सगळ्यांनी खांदाच सांगितला, आणि आम्ही आठ दिवस तिच्या खांद्याला तेल चोळत बसलो. शेवटी घाटावरून नालबंद आला. त्याने खूर मांडीवर घेतला, तळ थोडा तासला, तर एक बारीक काळी रेघ दिसली. त्या रेघेच्या मागे मागे चाकूचं टोक नेलं आणि राखाडी, घाण वासाचं पाणी फसकन बाहेर आलं. तासाभरात घोडीने पाय पूर्ण टेकला. ते आठ दिवस तिने फुकट सोसले, याचं मला अजून वाईट वाटतं. म्हणून इतकं सविस्तर लिहितोय.

आधी पाय नक्की तोच आहे ना, याची खात्री करा. कडक, सपाट जागेवर कुणाला तरी दोर सैल धरून घोडा दुडक्या चालीने पळवायला सांगा आणि तुम्ही डोक्याकडे बघा. दुखरा पाय जमिनीला लागताना डोकं वर उचललं जातं, चांगल्या पायावर ते खाली येतं. समोरून आणि बाजूने मोबाईलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढा. आवाजही ऐका, चांगल्या पायाची टाप जड पडते. मग गोल फिरवून बघा. दुखरा पाय आतल्या बाजूला आला की लंगडणं बहुधा वाढतं. कडक जमिनीवर जास्त लंगडत असेल तर संशय खुरावर, मऊ वाळूत जास्त असेल तर स्नायूंवर आणि त्यांना हाडाशी जोडणाऱ्या कंडरांवर. हा नियम शंभर टक्के चालत नाही, पण दिशा देतो.

आता पाय हातात घ्या. दोन्ही पुढच्या खुरांवर तळहात ठेवून गरमी ताडून बघा, मात्र घोडा उन्हात उभा असताना नको. खुराच्या वरच्या सांध्याच्या मागे, दोन्ही बाजूंना बोटाने नाडी चाचपा. निरोगी पायात ती सापडतच नाही म्हटलं तरी चालेल, खुरात दाह असेल तर बोटाखाली ठक-ठक जाणवते. मग तळ ब्रशने स्वच्छ धुवा. आपल्याकडे पावसात खूर सतत ओला राहून मऊ पडतो आणि चिऱ्याचे टोकदार खडे त्याला सहज लागतात. नाल कधी मारली, तेही आठवा. एकदोन दिवसांतच लंगडणं सुरू झालं असेल तर एखादा खिळा आत टोचत असू शकतो. खूर दाबायच्या चिमट्याने नालबंद किंवा डॉक्टर नेमकी जागा काढतात.

तळात खिळा रुतलेला दिसला तर उपटू नका. तो सांध्यापर्यंत गेला आहे का, हे एक्स-रे काढूनच कळतं, आणि उपटल्यावर वाट बुजते. पाय तसाच आधार देऊन ठेवा आणि लगेच डॉक्टरांना बोलवा. दोन्ही पुढचे पाय पुढे टाकून, वजन मागे घेऊन उभा राहत असेल तर लॅमिनायटिसची, म्हणजे खुराच्या आतल्या थरांच्या दाहाची शंका घ्यावी. तीही तातडीचीच बाब.

खुरात काही सापडलं नाही तर डॉक्टर खालून वर एकेक नस बधिर करत जातात आणि प्रत्येक वेळी घोडा पळवून बघतात. ज्या इंजेक्शननंतर लंगडणं थांबतं, त्या भागात दुखणं. मग तेवढ्याच जागेचा एक्स-रे किंवा सोनोग्राफी. हे तपासताना वेदनाशामकाचा अंमल असेल तर सगळंच फसतं, म्हणून औषध किती दिवस आधी थांबवायचं हे त्यांनाच विचारा. स्वतःहून माणसांच्या गोळ्या मुळीच देऊ नका. गोव्यात गायी-म्हशी पाहणारे डॉक्टर जवळ मिळतात, घोड्याचा सराव असलेले कमी. पुण्या-मुंबईला रेसकोर्स असल्यामुळे तिकडे असे डॉक्टर आहेत, त्यांना तुमच्या डॉक्टरांमार्फत व्हिडिओ पाठवता येईल.

पू निघालाच तर एप्सम सॉल्टच्या कोमट पाण्यात पाय बुडवणं, पोटीस बांधणं आणि जागा कोरडी ठेवणं, हे डॉक्टर सांगतील तितके दिवस करा. धनुर्वाताची लस झाली आहे का ते आजच विचारून घ्या, घोड्याला त्याचा धोका फार असतो.

नाडी लागते का आणि शेवटची नाल कोणत्या तारखेला मारली, एवढं कळवा. व्हिडिओ टाकलात तर मीही बघतो.