पहिल्यांदाच क्राफ्ट ब्रुअरीत जाणार आहे, तिथे काय आणि कसं मागवू?

आजवर बाटलीतली एकाच प्रकारची बियर प्यायलोय, मित्र क्राफ्ट ब्रुअरीत, म्हणजे स्वतःची बियर बनवणाऱ्या छोट्या ठिकाणी नेणार आहेत आणि फळ्यावरची नावं वाचून गोंधळ होईल, असं तुम्ही लिहिलंय. होईल, पण माझ्याइतका नक्कीच नाही. पहिल्या खेपेला मी फळ्यावरची सगळ्यात स्ट्राँग म्हणून साडेनऊ टक्के अल्कोहोलची इंपीरियल स्टाउट (काळी, जड बियर) मागवली, तीही मोठा ग्लास भरून. त्यानंतर जे जे आलं ते पाणी घातल्यासारखं लागलं आणि मी ब्रुअरीला नावं ठेवत घरी आलो. बिचाऱ्यांची काही चूक नव्हती, क्रम मीच उलटा लावला होता.

तेव्हा मोठा ग्लास नको. 'टेस्टिंग फ्लाइट' किंवा 'सॅम्पलर' मागा. शंभर-सव्वाशे मिलीचे चार ते सहा छोटे ग्लास बहुतेक वेळा लाकडी पट्टीवर मांडून येतात. सुरुवात गव्हाच्या बियरने किंवा पिल्सनरने (हलकी, सोनेरी बियर) करा, मग पेल एल, मग आयपीए (इंडिया पेल एल, तिचाच जास्त कडवट प्रकार) आणि सगळ्यात शेवटी स्टाउट. आयपीएत हॉप्सचा, म्हणजे बियरमध्ये घालतात त्या वेलीच्या फुलांचा, कडवटपणा इतका असतो की नंतर हलकी बियर जिभेला कळतच नाही. रंगावरून मात्र अंदाज बांधू नका. काळा रंग येतो खरपूस भाजलेल्या जवामुळे, त्याचा अल्कोहोलशी संबंध नाही. साधी ड्राय स्टाउट चार-साडेचार टक्क्यांची असू शकते आणि सोनेरी दिसणारी बेल्जियन स्ट्राँग एल आठच्या वर जाते. टक्के फळ्यावर लिहिलेले असतात, ते वाचा.

घोट घेण्याआधी वास घ्या. हेफेवाइझन, म्हणजे जर्मन पद्धतीची गव्हाची बियर, नाकाशी नेली की पिकलं केळं आणि लवंग असा वास येतो. मी तिथल्या ब्रुअरला विचारलं होतं, "लवंगा किती घालता?" तो हसला. काहीच घालत नाहीत. हे सगळं बियर आंबवणारं यीस्ट करतं. गंमत म्हणजे जर्मनीच्या बव्हेरियातल्या 1516 च्या प्रसिद्ध नियमात बियरसाठी फक्त जव, हॉप्स आणि पाणी एवढंच लिहिलंय. यीस्ट काय काम करतं हे तेव्हा कुणाला ठाऊकच नव्हतं.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: प्रत्येक ग्लासात तळाशी एक घोट राखून ठेवा. फार गार बियरचा वास दबलेला असतो. स्टाउट आली तेव्हा नुसती कडू लागेल. वीस मिनिटांनी, दहा-बारा अंशांवर आली की त्याच ग्लासातून कॉफी आणि कोकोचा वास यायला लागतो. एकाच ग्लासात दोन बियर मिळाल्यासारखं वाटतं. पिल्सनरला मात्र हा नियम लावू नका, कोमट झाली की तिची सगळी तरतरी जाते.

काही वास दोषाचे असतात, ते ओळखता आले तर बरं. लोण्यासारखा वास बहुधा घाईचा. यीस्ट त्या वासाचं द्रव्य आधी तयार करतं आणि शेवटी स्वतःच शोषून घेतं. त्याआधीच बियर गार करून काढली की वास मागे राहतो. ओल्या पुठ्ठ्याचा वास असेल तर बियर शिळी, ऑक्सिजन लागलेली. कुठल्याशा ब्रुअरीत मी लोण्याच्या वासाची पेल एल 'काहीतरी खास आहे' म्हणून पूर्ण संपवली होती. आता शांतपणे सांगतो, आणि ग्लास बदलून मिळतो.

गर्दी नसेल तर टाक्या बघायला मिळतील का, विचारा. सकाळी गेलात तर भरडलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) साधारण पासष्ट अंशांच्या पाण्यात मुरताना दिसेल. त्याचा गोडसर वास वर्णन करण्यापेक्षा घेतलेला बरा. माल्टचा एखादा दाणा मागून चावून बघा, बियरमधली अर्धी चव तिथेच कळते. आणि त्यांची लेगर, म्हणजे गारव्यात सावकाश आंबवलेली बियर (पिल्सनर त्यातलीच) आहे का, हे जरूर विचारा. एल थोड्या उबदार तापमानात आंबते आणि दोन-तीन आठवड्यांत तयार होते. लेगर गार टाकीत आणखी कित्येक आठवडे ठेवावी लागते, म्हणजे छोट्या ब्रुअरीची एक टाकी तेवढा वेळ अडकते. शिवाय चव इतकी स्वच्छ असते की चूक झाकायला जागाच नसते. ज्यांची लेगर चांगली, त्यांच्या बाकीच्या बियरवर मी डोळे झाकून विश्वास टाकतो.

हिशेबाचं एक सांगतो. ग्लास छोटे असले तरी सव्वाशेचे सहा म्हणजे पाऊण लिटर. सरासरी पाच टक्के धरले तरी जवळपास तीस ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जातं. मध्ये मध्ये पाणी प्या, आणि गाडी चालवायला न पिणारा माणूस निघण्याआधीच ठरवून ठेवा. तिथे पोचल्यावर कुणी तयार होत नाही.